मंडळी गायची का थांबली? सोलापुरातल्या एका उपासनेचे प्रकरण

ही हकिकत सोलापूर शहरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीची आहे. मंडळीचे नाव दिलेले नाही. माणसांचीही नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी याच मंडळीत गाते आणि शाळेत संगीत शिकवते. पुढे ज्या निर्णयांबद्दल लिहिले आहे त्यांतल्या बऱ्याच निर्णयांत माझा हात होता, चुकलेल्या निर्णयांतही.

पार्श्वभूमी

आमच्या मंडळीचे मूळ अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनरी संस्थेच्या कामात आहे. इमारत दगडी आणि छत उंच. जुनी माणसे अजून 'देवळात जाऊन येते' असेच म्हणतात. मिशनच्या शाळांत आणि दवाखान्यांत काम केलेली मराठी घराणी इथे आहेत, तशीच पूर्व भागातून येणारी तेलुगू बोलणारी कुटुंबेही आहेत. त्यांतले कुणी यंत्रमागावर आयुष्य घालवलेले, कुणी घरी विड्या वळणाऱ्या बाया. अक्कलकोटकडची थोडी कन्नड घरेही आहेत. उपासना मराठीत होते. बाहेर पायऱ्यांवर मात्र तीन भाषा ऐकू येतात, आणि सोलापुरात त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

आमचे गाणे कसे चालायचे ते आधी सांगते. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगत. मास्तर पेटीवर ध्रुवपदाची एक ओळ वाजवत, तबला लागे आणि मंडळी उभी राही. इंग्रजी चालीचे गीत असले तर सगळे एकदम सुरू करत. भजन असले तर मास्तर ओळ टाकत, म्हणजे आधी एकटे म्हणत, आणि मंडळी ती उचले, दुसऱ्या खेपेला झांज चढे. ही दुसरी रीत मिशनऱ्यांनी जहाजातून आणलेली नाही. अहमदनगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते ते एकोणिसाव्या शतकात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने गीते लिहिली, तीही लोकांच्या कानांत आधीपासून असलेली लय ओळखूनच. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. ओळ टाकणे आणि उचलणे इथल्या हवेतच आहे.

मग २०२० चा मार्च आला आणि कोरोनामुळे प्रार्थनास्थळे बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या काळात एकत्र गाणेच धोक्याचे होते, कारण बोलताना उडतात त्यापेक्षा जास्त बारीक थेंब गाताना उडतात. म्हणून तरुण संघातली पाच मुले-मुली रिकाम्या देवळात कीबोर्ड घेऊन गात आणि घरोघरी मोबाईलवर ते दिसे. त्या मुलांनी तेव्हा मंडळी धरून ठेवली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या वादात ते सगळ्यांच्या विस्मरणात गेले होते.

दारे उघडली तरी मांडणी तशीच राहिली. पाच माईक, कीबोर्ड, ड्रमपॅड, भिंतीवर प्रोजेक्टर. पुण्यात स्थायिक झालेल्या एका भावांनी आईच्या स्मरणार्थ दोन मोठे स्पीकर दिले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या ज्या बैठकीत ते स्वीकारले, तिथे 'घ्यावेत' म्हणून बोललेली मीच होते.

अडचण कशी लक्षात आली

मे महिन्यातला रविवार होता. सोलापूरचा मे कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. पंखे सगळे भरधाव चालू होते. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला लाईट गेली. कीबोर्ड बंद, माईक बंद, भिंतीवरचे शब्द गेले. आणि गाणे थांबले.

माझ्या लहानपणी लाईट गेली की गाणे चढायचे, कारण पंख्यांचा आवाज थांबून शेजारच्याचा गळा ऐकू यायचा. त्या दिवशी एवढी माणसे उभी होती आणि एकही आवाज नव्हता. मग मागच्या बाकावरून एका अक्कांनी ती ओळ उचलली. वय सत्तरीच्या पुढे, घरची भाषा तेलुगू. त्या पुढचे कडवे एकट्या म्हणत राहिल्या. पण त्या म्हणत होत्या ती चाल वेगळी होती. आमची जुनी चाल. मुलांनी एका रेकॉर्डिंगवरून घेतलेली चाल वेगळी होती, आणि ती बदलली आहे हे इतके दिवस माझ्यासारखीच्याही कानावर आले नव्हते.

उपासना संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "अक्का, तुम्हाला सगळं पाठ आहे, मग एरवी का म्हणत नाही?"

त्या म्हणाल्या, "माईक गायलालाय की बाई. मी कशाला मधी गाऊ?"

घाईने निघालेले निदान

त्याच आठवड्यात कमिटी बसली आणि अर्ध्या तासात दोन तट पडले. मास्तर म्हणाले, पोरांनी चाली बिघडवल्या. कीबोर्ड वाजवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "सर, आम्ही माईक सोडला तर गाणारच कोण? लोकांनाच गायचं नाहीये." दोघेही मनापासून बोलत होते. बैठक तिथेच मतदानाला गेली असती तर जुने विरुद्ध नवे असा निकाल लागला असता आणि हरलेली बाजू वर्षभरात दुसरीकडे गेली असती. अशा फुटी आम्ही आजूबाजूला पाहिल्या आहेत.

पाळकसाहेबांनी निर्णय चार रविवार पुढे ढकलला. मास्तर, तो मुलगा आणि मी अशा तिघांनी तोवर फक्त पाहायचे आणि ऐकायचे असे ठरले. मास्तर आणि मुलगा एकाच बाजूला बसणार ही पाळकसाहेबांची अट होती. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय कोणता, असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन.

चार रविवारांत काय दिसले

पहिल्या रविवारी आम्ही माळ्यावर उभे राहून पुढच्या सहा बाकांवरचे ओठ पाहिले. चाळीस माणसांत अकरा गात होती. दुसऱ्या ध्रुवपदानंतर सात.

पहिले कारण पट्टीचे, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा त्याचे निघाले. मुले गाणी रेकॉर्डिंगच्याच पट्टीत वाजवत, आणि ती पट्टी स्टुडिओतल्या एका तयार गळ्याची असते. त्या मेमधल्याच गीताची गोष्ट घ्या. त्याची चाल तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत जाते. मुलांचा सा होता काळी दोन (पेटीच्या पट्ट्या अशा रंगाने आणि क्रमाने ओळखतात), म्हणजे बायकांना वरच्या पांढरी पाचपर्यंत चढावे लागत होते. विडीच्या तंबाखूने घसा बसलेल्या बाईने तिथे जायचे कसे? पुरुष अर्ध्या वाटेवर खालच्या सप्तकात उतरत आणि मग लाजून गप्प होत. रियाज नसलेल्या मिश्र समुदायाचा गळा साधारण मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात चालतो, पुरुषांचा त्याच्या एक सप्तक खाली. तेच गीत काळी पाचवर सा धरून घेतले की तार गंधार बरोबर पांढरी दोनवर येतो आणि सगळ्यांच्या आवाक्यात बसतो.

मास्तरांना हे ऐकून बरे वाटले, पण तेवढ्यापुरतेच. आम्ही त्यांच्याही भजनांच्या पट्ट्या काढल्या. वयाबरोबर त्यांचा गळा उतरत गेला होता आणि दरवर्षी ते सा थोडा खाली घेत आले होते. काही भजनांत मंद्र पंचमावर बायकांचा आवाज फुटतच नव्हता. म्हणजे गाणे २०२० च्या आधीच पातळ व्हायला लागले होते. मास्तर बराच वेळ पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं का नाही?" कुणी सांगणार? चाळीस वर्षे विनामोबदला पेटी वाजवणाऱ्या माणसाला असे सांगायचे धाडस आमच्यात नव्हते.

दुसरे कारण आवाजाच्या पातळीचे. माणूस गातो तेव्हा त्याला दोन आवाज लागतात, स्वतःचा आणि शेजारच्याचा. स्वतःचा ऐकू आला नाही तर सूर सापडत नाही. शेजारच्याचा ऐकू आला नाही तर आपण एकटे पडलो असे वाटते. स्पीकरने दोन्ही गिळले होते. वर दगडी इमारतीचा घुमारा. एक टाळी वाजवली की ती विरायला वेळ लागतो, मग ड्रमपॅडचे ठोके एकमेकांवर चढून नुसता गलबला होतो.

स्पीकर ठेवण्याच्या बाजूने एक सहानुभूतीचा मुद्दा होता: मागावर काम केलेल्या काकांना कमी ऐकू येते. आम्ही त्यांनाच विचारले. एक काका म्हणाले, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाला आधी वरची कंपने कमी ऐकू यायला लागतात, त्यामुळे स, श, फ अशी अक्षरे पुसट होतात. आवाज वाढवून ती परत येत नाहीत. ज्यांच्यासाठी म्हणून आवाज वाढवला होता त्यांनाच त्याचा उपयोग नव्हता.

तिसरे कारण शब्द. भिंतीवर एका वेळी दोन ओळी, त्याही देवनागरीत. वाचता येणाऱ्यांनाही पुढे काय येणार ते कळत नसे. आणि ज्यांना देवनागरी येत नाही ती माणसे पूर्वी मास्तरांनी टाकलेल्या ओळीवरून शिकत. ओळ टाकणे बंद झाले तसे त्यांच्यापुढचे दार बंद झाले. हे आमच्यापैकी कुणाला सुचलेही नव्हते. शिवाय जवळजवळ दर रविवारी नवे गाणे असे, आणि एक गाणे गळ्यात उतरायच्या आत दुसरे येई.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पेटी-तबल्यावर परत जाण्याचा आणि कीबोर्ड तरुण संघाच्या सभेपुरता ठेवण्याचा होता. ज्येष्ठांना तो हवा होता. पण पट्टीच्या पाहणीनंतर मास्तरांनीच त्याचा आग्रह सोडला.

दुसरा पर्याय दोन उपासनांचा: सकाळी आठला जुन्या पद्धतीची, साडेदहाला नवी. कागदावर हा सगळ्यात सोपा पर्याय होता आणि कमिटीतल्या निम्म्यांना पटलाही होता. मी त्याच्या विरोधात बोलले. आजी आठला आणि नात साडेदहाला आली तर नातीला ती गीते पाठ होणार कुणाच्या शेजारी उभे राहून? अक्कांना ती पाठ झाली होती त्या लहानपणी आईच्या पदराजवळ उभ्या राहत म्हणून. पाळकसाहेबांनी कलस्सैकरांस पत्रातला तिसरा अध्याय काढला. त्यात स्तोत्रे आणि गीते गाऊन एकमेकांना शिकवा असे आहे. 'एकमेकांना' या शब्दावर ते थांबले आणि बैठकही थोडा वेळ थांबली.

तिसरा पर्याय पुण्याहून शिक्षक आणून चार आवाजांचे मोठे गायक मंडळ उभे करण्याचा. मला स्वतःला त्याचा मोह होता. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे बायका-पुरुषांचे वरचे-खालचे चार आवाज बांधून गाण्याचा आनंद मला माहीत आहे. पण त्यातून मंडळीला ऐकायला आणखी सुंदर काही मिळाले असते, गायला नाही. तो विचार नाताळच्या कॅरोलपुरता ठेवला.

तेलुगू कुटुंबांची वेगळी सभा काढावी असेही एकाने सुचवले. त्या कुटुंबांतल्या कुणालाच ते नको होते, म्हणून चर्चा तिथेच संपली.

उरला तो पर्याय कष्टाचा होता: सगळ्यांना ठेवायचे, पट्ट्या बदलायच्या, आवाज उतरवायचा, गाणी कमी करायची आणि शिकवायची.

काय केले

एक म्हणजे पट्टीची वही केली. मास्तर, मुलगा आणि मी तीन संध्याकाळी बसलो. नेहमीच्या चाळीस गीतांचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर लिहिला आणि त्यावरून सा ठरवला. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे, म्हणजे पट्टी बदलण्याचे, बटण असते, त्यामुळे मुलाला बोटे बदलावी लागली नाहीत. मास्तरांना मात्र काही भजने आयुष्यभराच्या सवयीबाहेरच्या पट्टीत बसवावी लागली. ती त्यांनी घरी बसून बसवली. त्याच संध्याकाळी बिघडलेल्या चालींचाही निकाल लागला. मास्तरांनी मूळ चाल म्हणायची, मुलाने ती मोबाईलमध्ये धरायची. रात्री नऊनंतर मास्तरांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी असे, आणि मला वाटते निम्मी दिलजमाई तिथेच झाली.

स्पीकरचा प्रश्न नाजूक होता. देणाऱ्या भावांना फोनवर सांगावे, पत्र लिहावे की नुसते बटण खाली करावे? पाळकसाहेब आणि मी पुण्याला गेलो. "तुमच्या आईंना गाणं आवडायचं ना? त्या गायच्या कशा?" असे पाळकसाहेबांनी विचारले. भाऊ आईच्या गाण्याबद्दल बोलू लागले, आणि पुढचे आम्हाला फारसे समजावावे लागले नाही. स्पीकर बायबलच्या वाचनासाठी आणि उपदेशासाठी राहिले. गाण्यासाठी एकच माईक ठेवला, तोही प्रत्येक कडव्याच्या पहिल्या ओळीपुरता. ओळ टाकली की पुढे म्हणणाऱ्याने माईकपासून दोन पावले मागे व्हायचे. अंथरुणाला खिळलेली माणसे घरून मोबाईलवर ऐकतात, त्यांच्यासाठी छताला वेगळा माईक टांगला. त्यात पुढच्यांचा नव्हे, सगळ्या देवळाचा आवाज जातो.

नवे गाणे महिन्याला एक, आणि ते उपासनेच्या आधी पाच मिनिटे वाद्यांशिवाय ओळीओळीने शिकवायचे. प्रत्येक उपासनेत एका गीताचे एक कडवे सगळी वाद्ये थांबवून म्हणायचे. एका मुलीने मराठी गीते तेलुगू लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली. ते कागद काहींना उपयोगी पडले. अक्कांनी कागद प्रेमाने घेतला आणि बायबलात ठेवला. त्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही हे आम्हाला तेव्हा कळले. त्यांच्यासाठी ओळ टाकणे हेच गीतपुस्तक होते.

आणि आमच्या आधीपासूनच्या गायक मंडळाला पुढच्या खुर्च्यांवरून उठवून दोघा-दोघांच्या जोड्यांनी मंडळीच्या बाकांवर बसवले. हा निर्णय बरोबर होता, पण आम्ही तो फार वाईट रीतीने घेतला. त्याबद्दल शेवटी लिहिते.

जिथे सगळे मोडण्याच्या बेतात आले

बदलाचा पहिला रविवार फसला. माईक मागे झाला आणि देवळात पंख्यांची घरघर आणि एक पुसट गुणगुण एवढेच उरले. दारात एक काका म्हणाले, "आज मयताला आल्यासारखं वाटलं." दुसऱ्या रविवारीही तेच. तबला वाजवणारा भाऊ त्या महिन्यात दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये जायला लागला. कमिटीत परत माईक लावण्याचा ठराव आला.

इथे दोन विचार समोर होते. एक असा की लोकांनी उत्तर दिले आहे, ते माना. दुसरा असा की वर्षानुवर्षे न वापरलेला गळा दोन आठवड्यांत मोकळा होत नाही. मी शाळेत पाहते, मे महिन्याच्या सुट्टीनंतर वर्गाचा आवाज परत यायलासुद्धा तीन आठवडे जातात. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपर्यंत थांबायचे आणि तेव्हा पुन्हा ओठ मोजायचे असे ठरले. मुदत आधी ठरवल्यामुळे विरोध करणाऱ्यांनाही थांबणे सोपे गेले. दोन गोष्टी मात्र लगेच बदलल्या. गाताना पंखे एका आकड्याने कमी केले. आणि पहिले गीत नेहमी सगळ्यांना पाठ असलेलेच ठेवले, म्हणजे तोंड उघडताना कुणाला भीती वाटू नये.

पुढचा धडा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिळाला. मिरवणूक रस्त्याने निघाली. पुढे कीबोर्डवाली मुले झांज घेऊन, मागे बायकांचा घोळका. ध्रुवपद दोनदा होईतो पुढचे आणि मागचे एकमेकांपासून सुटले. मागच्यांना वाटले पुढचे पळतात, पुढच्यांना वाटले मागचे रेंगाळतात. दोष कुणाचाच नव्हता. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिरवणूक शंभर मीटर लांबली की पुढचा ठोका मागे पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, आणि मध्य लयीत ती जवळजवळ अर्धी मात्रा होते. कुणी कितीही नीट गायले तरी ते जुळत नाही. मला वारी आठवली. पालखीसोबत इतक्या दिंड्या चालतात, पण सगळ्या मिळून एकच अभंग एका लयीत म्हणत नाहीत. प्रत्येक दिंडीची वीणा वेगळी, मृदंग वेगळा. आम्ही चौकात थांबलो आणि दोन घोळके केले. पुढच्यांनी ओळ टाकायची, ती संपली की मागच्यांनी उचलायची. लांबीमुळे होणारी अडचण उत्तर-प्रत्युत्तरात विरून गेली.

परिणाम

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पुन्हा माळ्यावर गेलो होतो. त्याच सहा बाकांवर चाळिसातली सव्वीस माणसे गात होती. ईस्टरला आम्ही मोजले नाही. त्या दिवशी बिनवाद्याच्या कडव्यात कन्नड घरातल्या एका काकांनी खालचा सूर धरला, आपणहून, कुणी न शिकवता. मला स्वतःचा आल्टो सोडून त्यांचे ऐकावेसे वाटले.

महिन्यातून एकदा एक तेलुगू गीत घ्यायला लागलो. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचे, कडवी तेलुगू भावंडांनी. ओळ टाकायला अक्का उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी माईक हाताने बाजूला केला. मास्तर पेटीवर त्यांच्या मागून गेले. काही घरांतून 'ही मराठी मंडळी आहे' अशी कुरकुर झाली, अजूनही होते. ती दाबून टाकावी असे मला वाटत नाही, कारण आपली भाषा हातातून जाईल ही भीती खरी आहे.

नुकसानही सांगायला हवे. गायक मंडळातल्या दोन बहिणी परत आल्या नाहीत. तबल्यावर आता चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याची लय पळते. घरून ऐकणाऱ्यांची तक्रार आहे की मोबाईलवर गाणे पूर्वीसारखे साफ येत नाही, खोकला आणि बाकांचा आवाजही येतो. ते खरे आहे आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. एक आजी मात्र म्हणाल्या की खोकल्यावरून कोण आलंय ते कळतं.

आता वेगळे काय केले असते

गायक मंडळाला बाकांवर बसवायचा निर्णय आम्ही कमिटीत घेतला आणि शनिवारी रात्री मेसेजवर कळवला. तीस-तीस वर्षे पुढे बसून गाणाऱ्या बहिणींना वाटले, आपल्याला खाली उतरवले. त्यांच्या घरी जायला हवे होते. त्यांना सांगायला हवे होते की, ताई, तुमचा सूर पक्का आहे म्हणूनच तो आम्हाला कच्च्या गळ्यांच्या मधोमध हवा आहे. देणगीदारासाठी आम्ही पुण्यापर्यंत गेलो आणि या दोघींसाठी चार गल्ल्या ओलांडल्या नाहीत. मी नंतर गेले. त्यांनी चहा दिला, बोलल्या, पण परत आल्या नाहीत.

पट्टीची वही पहिल्या रविवारच्या आधी तयार हवी होती. आम्ही माईक आधी मागे केला आणि पट्ट्या नंतर महिनाभरात बदलत गेलो. त्या पहिल्या दोन रविवारांची फजिती बऱ्याच अंशी यामुळेच झाली. आवाक्याबाहेरच्या पट्टीत माणसाला एकटे सोडले तर तो गप्पच राहणार. क्रम उलटा असता तर कदाचित तबलेवाले भाऊही थांबले असते.

तिसरी गोष्ट, आम्ही विचारपूस उशिरा केली आणि चुकीच्या माणसांपासून सुरू केली. कमिटी, मास्तर, तरुण संघ, म्हणजे जे आधीच बोलत होते त्यांनाच आधी विचारले. मागच्या बाकांवर चार रविवार बसलो असतो तर तेलुगू लिपीच्या कागदांवर घालवलेले पंधरा दिवस वाचले असते. मुलांना दोन वर्षांच्या सेवेबद्दल जाहीर धन्यवाद द्यायलाही आम्ही विसरलो. ते पुढे ईस्टरला दिले, पण तेव्हा त्यांतली दोघे गाव सोडून गेली होती.

कीबोर्ड वाजवणारा मुलगाही आता नोकरीसाठी पुण्यात आहे. जाताना त्याने वहीची स्वच्छ प्रत करून दिली. प्रत्येक गीतापुढे सा, वरचा स्वर, खालचा स्वर, आणि कुणाकडून चाल घेतली ते. शेवटची सहा पाने कोरी आहेत. या बुधवारी त्यात दोन कन्नड गीते उतरवायची आहेत, आणि खालचा सूर धरणारे ते काका येतो म्हणाले आहेत.